चार अक्षरांवरून शाखा ठरत नाही

दहावीचा निकाल लागला की नागपुरात पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: 'माणसं 16 प्रकारचीच असतात, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. मुलाचा प्रकार आत्ताच काढून घ्या, तो जन्मभर बदलत नाही. त्यावरून शाखा निवडा.' ही टेस्ट म्हणजे MBTI. बहिर्मुख (E) की अंतर्मुख (I) अशा चार जोड्यांतून एकेक अक्षर घेऊन ती 'INTJ' सारखा प्रकार ठरवते. ती विकणाऱ्यांना याहून सोयीचं काय हवं!

आधी 'सिद्ध झालंय' बघू. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या ग्रंथावरून हे प्रकार कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी बेतले. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींचंही नव्हतं, पण खरी अडचण ती नाही. हजार जणांचे बहिर्मुखतेचे गुण मांडून बघा. गर्दी मध्यभागी होते, टोकांना दोन वेगळे ढीग पडत नाहीत. टेस्ट मात्र नेमकी त्या गर्दीतून रेघ मारते. समजा रेघ 50 वर आहे. मग 49 वाला अंतर्मुख, 51 वाला बहिर्मुख, आणि हा 51 वाला थेट 95 वाल्याच्या रांगेत. पुढच्या वेळी दोन उत्तरं इकडची तिकडे झाली की अक्षर बदललं. अशा रेघा चार. पाच आठवड्यांनी पुन्हा टेस्ट घेतली तेव्हा जवळपास निम्म्यांचा प्रकार बदलल्याचं काही अभ्यासांत दिसलं, ते यामुळेच.

'जन्मभर' तर सोडाच. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या लोकांच्या 92 गटांचा एकत्र हिशेब मांडला. विशेषतः 20 ते 40 या वयात शिस्तशीरपणा आणि भावनिक स्थैर्य सरासरीनं वाढतं. (पोराच्या खोलीतला पसारा बघून हताश झालेल्या आयांनी नोंद घ्यावी.)

आता शाखा. संशोधनात आज प्रामुख्यानं 'बिग फाइव्ह' म्हणजे बहिर्मुखता, शिस्तशीरपणा, भावनिक स्थैर्य, मनमिळाऊपणा आणि नव्याची ओढ हे पाच गुण मोजले जातात. त्यातल्या शिस्तशीरपणाचा नोकरीतल्या कामगिरीशी संबंध बॅरिक आणि माउंट या संशोधकांना 1991 मध्ये सगळ्याच व्यवसायगटांत आढळला, तोही माफक. जो गुण सगळीकडेच लागतो, तो सायन्स की कॉमर्स हे कसं सांगणार?

'पण वर्णन तंतोतंत जुळतं!' मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररच्या 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सगळ्या विद्यार्थ्यांना 'हे तुमचंच' म्हणून एकच वर्णन दिलं होतं. ते किती जुळतं याला त्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले.

टेस्ट करायचीच असेल तर अक्षरं नकोत, प्रत्येक गुणाचा आकडा मागा, आणि तो कोणत्या वयाच्या, कुठल्या मुलांशी ताडला तेही विचारा. शिवाय उलट विधानांचं, म्हणजे ज्यांना होकार दिला की गुण कमी व्हायला हवा त्यांचं, काय केलं, हे विचाराच. 'मी कामं अर्धवट सोडतो' याला 5 पैकी 4 दिले, तर शिस्तशीरपणात 6 वजा 4, म्हणजे 2 धरायचे. निम्मी विधानं उलट असताना एक्सेलमध्ये हे राहून गेलं, की सगळ्यांचे गुण मधोमध गोळा होतात. रिपोर्ट मात्र रंगीतच छापून येतो.