‘फायरवॉल आहे ना, मग राहू दे चालू’

आठवडाभर आम्हा मुंबईच्या अॅडमिन लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. “सर्व्हरवरच्या नको त्या सर्व्हिसेस बंद करत बसणं म्हणजे टाइमपास. फायरवॉल असला की पुरे. बंद करून वाचते ती थोडी रॅम. करायचंच असेल तर डिसेबल मारा, विषय संपला.” चांगल्या-चांगल्यांनी त्यावर अंगठे दिलेत, म्हणून लिहितोय. (सर्व्हिस म्हणजे सर्व्हरवर मागे सतत चालणारा प्रोग्रॅम.)

फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी, पुरे? तो असतो इंटरनेटच्या तोंडाशी; आतल्या लॅपटॉपवरून कोण सर्व्हरकडे निघालंय हे त्याला दिसतही नाही. जून २०१७ मध्ये इथे उरणजवळ जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम नॉटपेट्या या मालवेअरमुळे ठप्प झालं. नेटवर्कमध्ये आतल्या आत पसरायला त्याच्याकडे चोरलेले पासवर्ड होते, आणि विंडोजचं फाइल शेअरिंगसाठीचं जुनं एसएमबी १ सुद्धा. ते किती मशीनवर कामाशिवाय चालू होतं, देव जाणे. फायरवॉल सर्व्हरवरच आहे म्हणाल, तर डॉकरने (अॅप्स कंटेनरमध्ये चालवणारं टूल) पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडायचं दार, पब्लिश केला की तो लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, आयपीटेबल्समध्ये, आपले नियम स्वतः घालतो. आयपीटेबल्स सोपं करून देणारा यूएफडब्ल्यू ‘डिनाय’ दाखवतो आणि पोर्ट उघडाच.

रॅम फारशी वाचत नाही, हे मान्य. पण रॅमसाठी हे करतंय कोण? भोकं कमी व्हावीत म्हणून करायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउझ्डमधली भोकं बाहेर आली. ते यूडीपी ६३१ या पोर्टवर कुणाचंही ऐकायचं, बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवायचा आणि त्यावर प्रिंट दिली की त्याची कमांड चालायची. डेटाबेस सर्व्हरवर प्रिंटर हवाय कशाला?

खरी गंमत ‘डिसेबल’ची. डिसेबल म्हणजे पुढच्या बूटला आपणहून उठू नको, एवढंच; आत्ता चालू असलेलं चालूच राहतं. स्टॉपनेही विषय संपत नाही. अंधेरीत एका क्लायंटकडे मी आरपीसीबाइंड (एनएफएस या फाइल शेअरिंगच्या जुन्या व्हर्जनला लागणारी सर्व्हिस) स्टॉप केलं. खाली इशारा आला होता की आरपीसीबाइंड डॉट सॉकेट (त्याच्या पोर्टवर कान ठेवून बसलेला भाग) याला पुन्हा उठवू शकतं. घाईत वाचलाच नाही. कटिंग मारून आलो, उघडे पोर्ट दाखवणारं ‘एसएस -टीयूएलपीएन’ चालवलं, तर आरपीसीबाइंडचा पोर्ट १११ जागच्या जागी, आणि समोर प्रोसेसचं नाव सिस्टिमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस चालू-बंद करणारा लिनक्सचा मॅनेजर! सॉकेटही थांबवलं, मग दोन्ही मास्क केले, म्हणजे कुणी उठवूच शकणार नाही असे, तेव्हा कुठे ती ओळ गेली. आधी तिथे एनएफएसचं जुनं व्हर्जन ३ कुणी वापरत नाही ना, ते विचारून घेतलं होतं.

त्याच मेसेजखाली कुणी तरी ‘बिनधास्त बंद करा’ अशी यादी चिकटवलीय. त्यात सर्व्हरचं घड्याळ बरोबर ठेवणारी क्रॉनीसुद्धा आहे. ती तेवढी कॉपी-पेस्ट करू नका रे बाबांनो. घड्याळ पाच मिनिटांहून जास्त सरकलं की ऑफिसच्या नेटवर्कवर ओळख तपासणारा कर्बेरॉस लॉगिन नाकारतो, आणि सोमवारी सकाळी फोन तुम्हालाच येणार.