मानेवरचा तो वळ
एका लेखात वाचलं, अपघातातल्या प्रत्येकाच्या मानेच्या रक्तवाहिन्या तपासणं म्हणजे उगाच खर्च. अर्धं पटतं. पण आमचा अनुभव सांगते.

मेव्हण्यांची गाडी खंबाटकी घाट उतरताना पुढच्या ट्रकला धडकली. शुद्धीवर होते, बोलत होते. साताऱ्यातल्या एका दवाखान्यात डोक्याचा साधा सीटी झाला, नॉर्मल आला, दुसऱ्या दिवशी घरी. मानेवर डावीकडे सीटबेल्टचा जांभळा वळ होता, त्यावर बहिणीनं हळद लावली! तिसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी उजव्या हातातून निसटली, बोलणं जड झालं. मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेत डाय (रंगद्रव्य) सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला सीटी. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीचं आतलं अस्तर फाटलेलं आणि तिथं गुठळी.

ही इजा बाहेरून दिसत नाही आणि मेंदूचा झटका (पक्षाघात) काही तासांनी, कधी काही दिवसांनी येतो. मधल्या त्या वेळातच ती सापडायला हवी, कारण तेव्हा ॲस्पिरिन किंवा हेपॅरिन अशा गुठळी रोखणाऱ्या औषधांनी झटका बऱ्याचदा टळतो. अशी इजा मुक्या माराच्या शंभरात एखाद-दोघांनाच होते, म्हणून सरसकट नको म्हणणाऱ्यांचंही खरं. डायचा मूत्रपिंडाला कधीकधी त्रास होऊ शकतो. पण मानेचा मणका किंवा कवटीचा तळ मोडला असेल, जबड्याचं वरचं हाड निखळलं असेल, मानेवर असा वळ आणि सोबत बरीच सूज किंवा दुखणं असेल, तर डेन्व्हर निकष (कुणाच्या मानेच्या रक्तवाहिन्या तपासायच्या हे ठरवणारी डॉक्टरांची यादी) सरळ सांगतात, तपासा. या निकषांतूनही काही निसटतात म्हणे, पण मेव्हण्यांच्या मानेवर तर तो वळ समोर दिसत होता.

आता चहा डाव्या हातानं पितात.