बुग्यालाला कुलूप लावून फुलं वाचत नाहीत

पाऊस सुरू झाला की निम्मं मराठी फेसबुक सह्याद्रीत असतं आणि उरलेलं उत्तराखंडात. घांघरियाची चढण, हेमकुंड, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. फोटो सुंदरच असतात. आणि प्रत्येक अल्बमखाली एक कमेंट हमखास असते: "हे सगळं माणसांसाठी बंद करून टाकलं पाहिजे." तिला लाइकही भरपूर पडतात. मला ती कमेंट पटत नाही. का पटत नाही ते सांगायला जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ज्यांनी बुग्याल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिमालयात चढत गेलं की एका उंचीनंतर झाडं संपतात. गढवालात ही रेषा साधारण 3300 ते 3600 मीटरवर लागते. तिथून वर कायमच्या बर्फापर्यंतचा जो गवताळ, फुलांचा पट्टा, तो बुग्याल. वर्षाचा निम्मा काळ बर्फाखाली. त्यामुळे कोंब येण्यापासून बी पडेपर्यंत सगळा संसार चार-पाच महिन्यांत उरकायचा. एक हंगाम हुकला तर थेट पुढच्या वर्षी. इथली माती पातळ आणि झाडं सावकाश वाढणारी. एकदा उकरलेला तुकडा भरून यायला फार काळ जातो.

आता ती 'बंद करा'ची गोष्ट. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स गुरं-मेंढरांसाठी खरंच बंद करून पाहिलेली आहे. 1931 मध्ये कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि मंडळी या भ्यूंडार खोऱ्यात उतरली आणि पुढे जगभर तिचा बोलबाला झाला. 1939 मध्ये जोन मार्गारेट लेग ही अभ्यासक तिथं वनस्पती गोळा करताना कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी तिथंच आहे, बरेच ट्रेकर तिथपर्यंत जाऊन परत फिरतात. हे सगळं होण्याच्या कितीतरी आधीपासून भ्यूंडार आणि पुलनाचे लोक उन्हाळ्यात मेंढरं-गुरं घेऊन वर येत होतेच. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली. 2005 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं.

आणि चराईबंदीनंतर तिथं पॉलिगोनम माजलं. हे काही घाणेरीसारखं परदेशातून आलेलं झाड नव्हे, हिमालयातलंच. पण पुरुषभर वाढतं, दाट रान करतं, आणि खाली वीतभर उंचीची फुलं उजेडाविना गुदमरतात. वनखातं कित्येक वर्षं माणसं लावून ते उपटतंय. काही अभ्यासकांचं म्हणणं पडलं की मेंढरं होती तेव्हा ते आटोक्यात राहायचं, चराई थांबली म्हणून सुटलं. दुसऱ्यांनी दाखवलं की ते जास्त करून मेंढपाळांच्या जुन्या तळांच्या जागी, दरडी आणि हिमस्खलनांनी उघड्या पडलेल्या उतारांवर फोफावतं, सगळा दोष चराईबंदीवर टाकता येणार नाही. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण माझ्या पटण्याला काय किंमत? बंदी घालण्याआधी खोऱ्यात जागोजाग चौकटी आखून, कुठे काय आणि किती हे वर्षानुवर्षं नोंदलेलं असतं, तर हा वाद इतका रेंगाळलाच नसता. आपण दार आधी लावलं आणि आत काय होतं ते नंतर आठवत बसलो.

आपल्या कास पठारावरही हेच झालं. कुंपण घातलं, गुरं थांबली, आणि काही वर्षांत स्थानिकच विचारू लागले की गवत का वाढलं आणि फुलं का घटली. असो, कासवर वेगळं लिहीन.

2018 मध्ये नैनितालच्या उच्च न्यायालयानं उत्तराखंडातल्या बुग्यालांमध्ये रात्रीचा मुक्काम बंद केला, दिवसाला दोनशेहून जास्त पर्यटक नकोत असंही सांगितलं. आली आणि बेदनी या बुग्यालांची अवस्था ज्यांनी पाहिली होती त्यांना त्यामागचं कारण कळेल. तंबूखाली पिवळं पडलेलं गवत, खेचरांच्या पायांनी झालेल्या घळी. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. पण त्या वाटेवरच्या गावांतले गाइड आणि खेचरवाले एका निकालात बेकार झाले, आणि आपल्या ट्रेकिंग ग्रुपांनी काय केलं? दुसरा ट्रेक शोधला.

याउलट हिमाचलच्या स्पितीतलं किब्बर गाव. तिथं 1990 च्या दशकाच्या शेवटी नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासकांनी आधी मोजलं: गावची जनावरं किती, भरल म्हणजे निळ्या मेंढ्या किती, गवत कुणाला किती पुरतं. मग गावाशी बोलून कुरणाचा एक तुकडा चराईमुक्त ठेवला आणि त्याचा मोबदला गावाला दिला. भरल वाढले. भरल वाढले की हिमबिबट्याला खायला मिळतं. पुढे बिबट्यानं मारलेल्या जनावरांसाठी विमा योजना उभी राहिली, तिच्यात गावकरी स्वतः हप्ता भरतात. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायला गावातलीच पोरं जातात. 2024 च्या जानेवारीत देशातल्या हिमबिबट्यांचा पहिला पद्धतशीर आकडा आला, 718. त्यामागे अशा शेकडो लोकांची पायपीट आहे. बंदी इथंही आहे, फरक एवढाच की आधी मोजणी झाली आणि गावाला विचारलं गेलं.

मोजणीचं महत्त्व आपल्याकडे कुणाला पटत नाही, कारण ती कंटाळवाणी असते. सिक्कीमचं उदाहरण घ्या. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरनं 1849-50 मध्ये लाचेन-लाचुंगच्या खोऱ्यांत कोणती वनस्पती किती उंचीवर दिसली ते लिहून ठेवलं. दीडशेहून अधिक वर्षांनी भारतीय संशोधक त्याच जागी गेले. 2013 मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात 124 प्रदेशनिष्ठ (म्हणजे फक्त त्याच भागात उगवणाऱ्या) वनस्पतींपैकी 87 टक्क्यांची हद्द सरकलेली होती, सरासरी दर दशकाला 27 मीटरच्या आसपास वर. खाली ऊब वाढतेय म्हणून झाडं वर चाललीत. वर कुठवर जाणार? माथ्यानंतर जागाच नाही. हे आज आपल्याला कळतंय ते एका माणसानं बोटं गोठत असताना उंची लिहून ठेवली म्हणून.

तुंगनाथला गढवाल विद्यापीठाच्या उच्चस्थलीय वनस्पती संशोधन केंद्राचं ठाणं आहे. देवळाकडे जाणारे हजारो लोक त्याच्या बाजूनं जातात, वळून बघत नाहीत. त्याच वाटेवर दगडांच्या फटीत पायका दिसतो, सशाचा बिनशेपटीचा चुलतभाऊ. हा प्राणी हिवाळ्यात झोपी जात नाही. बर्फाच्या गोधडीखाली ऊब धरून राहतो. बर्फ कमी पडला तर थंडी थेट त्याच्या बिळात. म्हणजे हिवाळे उबदार झाले की हा थंडीनं मरू शकतो. असल्या उलट्या गोष्टी वर्षानुवर्षं तिथं बसल्याशिवाय समजत नाहीत.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. बुग्यालांना सगळ्यात मोठा त्रास पर्यटकांचाच, हे आपण धरून चालतो, कारण पर्यटक फोटोत दिसतो. मुळं उकरणारा दिसत नाही. आणि त्या मुळांचं गिऱ्हाईक आपण आहोत.

घरात बाळ आलं की आजी सहाण काढते आणि बाळगुटीतल्या अतिविषाचे एक-दोन वेढे देते. (गुटी द्यावी की नाही यावर खाली भांडू नका. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, आज्या ऐकत नाहीत, पुढे चला.) हे अतिविष सह्याद्रीत उगवत नाही. बचनागाच्या कुळातली ही वनस्पती हिमालयात उंचावर, बुग्यालांच्या आसपास वाढते. औषधी भाग म्हणजे जमिनीतला कंद, तो काढला की झाड संपलं. वाळलेला कंद बोटाच्या पेराएवढा, म्हणजे एका किलोत शेकडो झाडं. बी पडून गेल्यावर खणलं तर निदान पुढची पिढी उरते. पण आपण थांबलो तर दुसरा कुणी आधी खणून नेईल या भीतीनं लवकर खणलं जातं. आज अतिविष जागतिक यादीत संकटग्रस्त आहे, तशीच उंचावरची औषधी मुळी जटामांसी त्याहून वाईट, अतिसंकटग्रस्त. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक गोळीत सगळ्यात जास्त पडणारी कुटकीही तिथलीच.

गढवालातल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं. नंदाष्टमीच्या आधी बुग्यालातलं ब्रह्मकमळ तोडायचं नाही, मुळी काढायची नाही, असा तिथं नेम. नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी, आपल्याकडे गौरी जेवतात त्याच सुमारास. तोवर बहुतेक झाडांचं बी तयार होत आलेलं असतं. देवीच्या धाकानं पाळलेला हा नेम कुठल्याही सरकारी परिपत्रकापेक्षा बरा चालला, मुळांना भाव येईपर्यंत.

उपाय आहे, आणि तो बंदीपेक्षा कष्टाचा आहे: शेती. चमोली जिल्ह्यातल्या घेससारख्या गावांत लोक कुटकी लावतात, संशोधन केंद्रं रोपं आणि माहिती देतात. पण अतिविषाचा कंद विकण्याजोगा व्हायला तीन-चार वर्षं जातात, लागवडीची नोंदणी आणि वाहतुकीचे परवाने वेगळे. बाजारात मात्र रानातलं आणि शेतातलं एकाच पोत्यात, एकाच भावात. मग शेतकऱ्यानं तीन वर्षं वाट का बघावी? ही अडचण वर घांघरियात सुटणार नाही. ती आपल्या औषध कंपन्यांच्या खरेदी खात्यात आणि काष्ठौषधीच्या दुकानात सुटेल.

म्हणून एक विनंती. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, कुठेही असाल तर ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याला विचारा: अतिविष, कुटकी, जटामांसी लागवडीची वेगळी मिळते का, आणि किती महाग? मी विचारलेल्या दुकानांत "सगळं हिमालयातलंच आहे हो, अस्सल" एवढंच उत्तर मिळालं. इथं वैद्य मंडळी बरीच आहेत, तुम्ही घाऊक घेता तेव्हा पुरवठादार काय सांगतो तेही लिहा. दुकानाचं नाव नको, गाव आणि भाव पुरे.