गाडीत काही बदल केलेत का?

दरवर्षी व्हॅनच्या विम्याची पॉलिसी संपायला आली की हा प्रश्न येतो आणि माझं डोकं फिरतं. केलेत ना! प्लंबर आहे मी, व्हॅनमध्ये काय सोफा ठेवू? आत रॅक ठोकलेत, टपावर पाइपांसाठी कॅरियर आहे, ड्रिलच्या बॅटऱ्या चार्ज करायला इन्व्हर्टर बसवलाय. एवढंच. पण फोनवरचा माणूस असा गप्प होतो, जणू मी गाडीला रॉकेट जोडलंय. मग फोटो पाठवा, बिलं पाठवा, रॅकचं वजन सांगा. वजन! स्क्रूसुद्धा मोजून देऊ का?

न सांगावं तर उद्या क्लेम नाकारायला तेच निमित्त, म्हणून मुकाट्याने सांगायचं. सांगितलं की हप्ता वाढतो. बरं, वाढीव हप्ता भरूनही गाडी चोरीला गेली तर रॅकचे पैसे मिळतीलच असं नाही, ते पॉलिसीत वेगळे नोंदवलेले हवेत. आणि हत्यारं? ती 'गाडीचा भाग नाहीत'. त्यांचा विमा निराळा, आणि त्यातही रात्री गाडीत ठेवलेल्या सामानाबद्दल बारीक अक्षरात अट. अहो, मग दुसरीकडे कुठे ठेवू? उशाशी?

गेल्या वर्षी हे सगळं सांगून झालं होतं. यंदा पुन्हा श्रीगणेशा.