हात लावू नका, ग्रॅनोला निवतोय

घरी ग्रॅनोला (गुळात घोळवून ओव्हनमध्ये कुरकुरीत भाजलेले ओट्स आणि सुकामेवा) करणं सोपं आहे असं जे सांगतात ते खोटं बोलत नाहीत, फक्त ओव्हनसमोरची शेवटची दहा मिनिटं गाळतात. बाकी मी तरी त्याला चिवडाच म्हणतो. फोडणी नाही आणि दिवाळीची वाट बघावी लागत नाही, एवढंच.

मात्र चिवड्याचं 'अंदाजे' इथे चालत नाही. ३०० ग्रॅम रोल्ड ओट्स, १०० ग्रॅम बदाम-अक्रोडाचे जाडसर तुकडे, ६० ग्रॅम भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, ८० ग्रॅम गूळ, ६० मिली खोबरेल (खाण्याचं, हे लिहावं लागतं), अर्धा चमचा मीठ, चमचाभर दालचिनी पूड. रोल्ड म्हणजे जाड पोह्यांसारखे दिसणारे. इन्स्टंट ओट्स घेतलेत तर हलवताना भुगा होतो, आणि सकाळी दुधात जी खळ तयार होते तिने पतंग चिकटवावेत. मीठ वगळू नका, नाहीतर गोड भुसा खाल्ल्यासारखं लागतं.

गूळ किसून, दोन चमचे पाणी आणि तेल घालून मंद आचेवर फक्त विरघळवायचा. इथे मराठी हात घात करतो. गूळ बुडबुडला की वाटीत पाणी घेऊन गोळी होते का बघायची सवय! पाक पुढे गेला की ओट्स पडताक्षणी आवळतो आणि चिक्की होते. छान होते, पण ती चिक्की. उलट पाणी जास्त पडलं तर ओट्स भाजायच्या आधी शिजतात, आणि आपण लापशी वाळवत बसतो.

विरघळलेल्या गुळात बाकी सगळं घोळवून आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसवर, बोटाच्या पेराएवढाही जाड थर नको, साधारण ३० मिनिटं. अर्ध्यात एकदा हलवा आणि ट्रे फिरवा, कारण छोट्या ओटीजीत (ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये) मागचा कोपरा नेहमी घाईत असतो. खोबऱ्याचे काप शेवटची आठ मिनिटं राहिली की घाला. बेदाणे ओव्हनमध्ये अजिबात नकोत. ते आधी टम्म फुगतात, मग त्यांचे छर्रे होतात.

आता ती दहा मिनिटं. रंग सोनेरी, घरभर वास, आणि चमच्यावर घेतलेला नमुना मऊ! इथे भलेभले 'अजून पाच मिनिटं' म्हणतात आणि काळा कोळसा काढतात. गरम गूळ मऊच असतो, कुरकुरीतपणा निवताना येतो. म्हणून पंचविसाव्या मिनिटापासून जिभेवर नाही, रंगावर विश्वास ठेवा आणि जरा कमीच वाटतोय तेव्हा बाहेर काढा. फार भाजलात तर थेट १८६३ साली पोचाल: न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिलला डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी याचा जो पूर्वज केला, तो रात्रभर भिजवल्याशिवाय चावता येत नसे.

बाहेर काढल्यावर उलथन्याने दाबायचं आणि पाऊण तास हात लावायचा नाही. गठ्ठे हवे असतील तर हाच एक उपाय. ढवळलंत की सगळं सुटं. पण ओट्यावर निवत असलेला ट्रे हा घरातल्या प्रत्येकाला स्वयंपाकघरात यायचं कारण देतो. 'मीठ बरोबर आहे का बघतो' म्हणत चौघं फिरले की मधोमध वाळवंट दिसायला लागतं.

पौष्टिकपणाचा हिशोबही तिथेच फसतो. वरच्या मापाने १०० ग्रॅमला ५०० कॅलरीच्या आसपास जातात. वाढायचा ४० ग्रॅम, म्हणजे लहान अर्धी वाटी, आणि तीही दुधात किंवा दह्यात. डबा मांडीवर घेऊन खाल्ला तर तो फराळच, ओट्स असले म्हणून काय झालं.

पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद बरणीत भरा. कोमट भरलात तर आतल्या वाफेने सादळतो. जुलैत तसाही सादळणारच. मग १२० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा तापवा, मात्र त्याआधी बेदाणे एकेक वेचून काढा.