१०० मिमी पावसात उजनी भरते म्हणे!

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोलापूर पट्ट्यात मोबाइलवर एक हिशेब फिरतो. भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणलोट क्षेत्र सुमारे १४,८५० चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिमी पाऊस म्हणजे ५२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, म्हणजे धरण भरलंच. मग धरणात किती पाणी आणि घाण येईल याचा संगणकावर अंदाज बांधणाऱ्यांना टोमणा: ‘एवढ्यासाठी मॉडेल कशाला?’ आणि शेपटाला: ‘पहिल्या पुरात घाणही धुऊन जाते.’

गुणाकार चोख आहे. चूक ‘पडलेलं पाणी म्हणजे आलेलं पाणी’ या समजुतीत आहे.

जमीन आधी स्वतः पिते. अपधाव, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारं पाणी, काढायची ‘कर्व्ह नंबर’ ही जुनी अमेरिकन पद्धत घ्या. माती आणि पीक बघून जमिनीला एक अंक द्यायचा; अंक जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहतं. समजा तो ८०. मग ५० मिमी पावसातून वाहतं जेमतेम १४ मिमी, पण १०० मिमीतून ५०. पाऊस दुप्पट, पाणी साडेतीन पटींहून जास्त! आणि तोच ५० मिमी पाऊस तापलेल्या कोरड्या रानावर पडला तर अंक ६३ धरतात आणि अपधाव अडीच मिमीसुद्धा भरत नाही. आठवडाभर भिजलेल्या रानावर ९१ धरतात, तेव्हा २९ मिमी. जूनचा पाऊस आणि ऑगस्टचा पाऊस एकाच मापाने मोजणारा हिशेब इथेच कोसळतो.

वर धरणांची रांग आहे, ती वेगळीच. खडकवासला साखळी, पवना, चासकमान, डिंभे आधी आपली पोटं भरणार. मुळशीचं पाणी तर वीज करायला घाट उतरून भिऱ्याला जातं. म्हणून उजनीकाठचा माणूस ढगांपेक्षा दौंडहून उजनीत येणाऱ्या विसर्गाचा आकडा आधी विचारतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, याचंच नवल.

आता घाण. पहिला पूर ती धुतो खरा, पण नेतो कुठे? पुणे-पिंपरीचं सांडपाणी, नाल्यांतला गाळ, रानातली माती मुळा-मुठा आणि भीमेतून येऊन उजनीच्या संथ पाण्यात बसते. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना धरून येतो. तळाशी प्राणवायू संपला की तोच पुन्हा पाण्यात सुटतो, आणि मग शेवाळाचा हिरवा तवंग. नत्राची वाट निराळी: तो विरघळून झिरपतो, पूर ओसरल्यावरही येत राहतो. महिन्याकाठी पाण्याची एक बाटली भरून तपासली तर हे कळत नाही. बराचसा गाळ पुराच्या मोजक्या तासांत वाहून गेलेला असतो.

मॉडेलवाल्यांनाही मोकळं सोडू नये. आजची स्थिती आधी नीट बसवायची, काही वर्षांच्या मोजमापांवर जुळवायची, उरलेल्या वर्षांवर तपासायची. मगच ‘सगळं सांडपाणी शुद्ध झालं तर’ हा एकच बदल करून पुन्हा चालवायचं. तळातला जुना स्फुरद त्यात घातला नाही, तर संगणकावर उजनी पहिल्याच वर्षी नितळ दिसते.