सुईने पाणी काढले की विषय संपतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मूत्रपिंडातील साध्या सिस्टवरच्या (पाण्याने भरलेल्या पिशवीवरच्या) माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, "सिस्ट सुईने रिकामी केली की विषय संपतो. माझ्या मेहुण्यांचे गेल्याच महिन्यात झाले. डॉक्टर नसलेल्या माणसाने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची भलामण करून लोकांना घाबरवू नये." मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु हा मतभेद नसून माझ्या हेतूवरचा आरोप आहे आणि लेख पुरता वाचणाऱ्याने तो केला नसता. काही त्रास नसताना सोनोग्राफीत योगायोगाने सापडलेल्या साध्या सिस्टला हात लावण्याची गरज नसते, हे मी लेखाच्या सुरुवातीलाच लिहिले होते. घाबरवायला निघालेला माणूस अशी सुरुवात करतो का?

आता आपल्या त्या सुईविषयी. सिस्टमधले पाणी बाहेरून येऊन साठत नाही. तिच्या भिंतीला आतून असलेला पेशींचा पातळ थर ते स्रवत राहतो. पाणी उपसले तरी तो थर जागच्या जागी राहतो, म्हणून नुसत्या उपशानंतर सिस्ट पुन्हा भरणे ही नेहमीची गोष्ट आहे. हे मी स्वतः भोगलेले आहे. माझी सिस्ट मूत्रपिंडात लघवी गोळा होते त्या पोकळीला लागून होती आणि कमरेत सतत ओढल्यासारखे दुखत असे. सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहत डॉक्टरांनी पाठीतून सुई घातली, सिरिंजमागून सिरिंज फिकट पिवळे पाणी निघाले आणि दुखणे थांबले. ते सिस्टमुळेच होते एवढे त्यातून कळले, आणि डॉक्टरांना तेवढेच पाहायचे होते. काही महिन्यांत सिस्ट पुन्हा भरली आणि दुखणेही परतले.

म्हणूनच पाणी काढल्यावर स्क्लेरोथेरपी करतात, जिचा आपल्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. आधी नळीतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे द्रव्य, सोडून सिस्टचा मूत्रमार्गाशी संबंध नाही याची खात्री करून घेतात, मगच जवळजवळ शुद्ध अल्कोहोल सोडतात, ते सगळ्या भिंतीला लागावे म्हणून रुग्णाला कुशी बदलायला लावतात आणि ठरलेल्या वेळाने परत काढून घेतात. त्याने तो स्रवणारा थर मरतो. मात्र माझ्यासारखी पोकळीला चिकटलेली सिस्ट असेल, तर अल्कोहोलमुळे तिथे व्रण होऊन मार्ग आकसण्याची भीती असते. अशा वेळी दुर्बिणीतून सिस्टची बाहेरची भिंत कापून काढतात. छप्पर उडवलेल्या सिस्टमध्ये पाणी साठून राहत नाही आणि कापलेली भिंत तपासणीलाही पाठवता येते. माझी शस्त्रक्रिया या कारणाने झाली, हौसेने नव्हे.

स्क्लेरोथेरपीत अल्कोहोलऐवजी वापरल्या जाणाऱ्या पॉलिडोकॅनॉल या औषधाचा उल्लेख लेखात हवा होता, हे आपले म्हणणे रास्त आहे. त्यात बधिर करण्याचाही गुण असल्याने ते सोडताना अल्कोहोलइतके दुखत नाही.

राहिले माझे डॉक्टर नसणे. ते मी लपवलेले नाही. पण रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निअक यांनी १९८६ साली मांडलेल्या, स्कॅनमधील रूपावरून सिस्टमधील कर्करोगाची शक्यता जोखणाऱ्या वर्गीकरणात आपल्या मेहुण्यांची सिस्ट कोणत्या गटात बसते, हे आपण विचारले होते का? पातळ भिंत आणि आत निव्वळ पाणी असेल तरच ती साधी. भिंत जाड किंवा कॉन्ट्रास्टने उजळणारी असेल, तर सुईचा विचार करण्याआधी कर्करोगाची शंका फेडावी लागते. दुसऱ्याला अर्धवट माहितीचा म्हणण्यापूर्वी एवढे विचारायला हरकत नव्हती.

आणि एका महिन्यात विषय संपला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. स्क्लेरोथेरपीनंतरही सुरुवातीला थोडे पाणी पुन्हा साठून मग हळूहळू ओसरू शकते, त्यामुळे निकाल काही महिन्यांनीच पाहतात. मेहुण्यांची पुढची सोनोग्राफी झाली की सिस्टचे माप इथेच लिहा.